मराठी स्टँडअप: नोकरी सांभाळून की सोडून?

सेमीफास्ट (शुक्रवार, रात्री ११.५०)

मंडळी नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय तर सांभाळून घ्या. मी दादरला एका सहकारी पतपेढीत कामाला आहे, राहायला डोंबिवली. ऑफिस सुटलं की मराठीत स्टँडअप करते. म्हणजे ओपन माईक, कधी लाईनअप शो (एकाच शोमध्ये बरेच कॉमिक), मधेच पुण्याला एखादा स्पॉट आणि गणपतीत सोसायट्यांचे कार्यक्रम. असं करत करत पाऊण तासाचं मटेरियल जमलंय, त्यातलं निम्मं पतपेढीवरचं, उरलेलं नवरा सासर लोकल वगैरे, जे सगळ्यांचंच असतं.

आता झालंय असं की एका आयोजकाने विचारलंय, तासाभराचा सोलो (एकटीचा शो) बसव, पुणे नाशिक कोल्हापूर फिरवू, पण तू पूर्णवेळ यात ये, कारण "नोकरीवाली कॉमिक म्हणजे हौशी कलाकार, तिच्यावर पैसे कोण लावणार". घरात दोन तट पडलेत. सासूबाई चक्क माझ्या बाजूने आहेत (त्यांच्यावर जोक आहेत हे माहीत असून, किंवा म्हणूनच), आई म्हणते कायम झालेली नोकरी कोणी सोडतं का, आणि नवरा म्हणतो तू ठरव, म्हणजे पुढे काही बिनसलं तर "तूच ठरवलं होतंस" म्हणायला हा मोकळा.

"मनाचं ऐक" टाईप सल्ले नकोत, ते इन्स्टावर फुकट मिळतात. जे यात आहेत किंवा होते त्यांनी सांगा, पैसे नक्की येतात कुठून, महिना कसा निघतो, आणि नोकरी सोडल्यावर माणूस खरंच चांगला कॉमिक होतो का नुसता रिकामा होतो.

टाईमपास_टॉवर

आधी एक जोक टाका, मग सल्ला.

सेमीफास्ट

हे मला दर लग्नात ऐकावं लागतं त्यामुळे तयारच असते. पतपेढीची वार्षिक सभा. अहवाल कोणी उघडत नाही. थकबाकी वाढली, मंजूर. लाभांश घटला, मंजूर. ताळेबंद, मंजूर मंजूर. मग भेटवस्तूचा विषय निघतो आणि मागून एक आजोबा उठतात, "गेल्या वर्षीच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही, संचालक मंडळाने खुलासा करावा". झाकणावर पाऊण तास. म्हणून पुढच्या वर्षी कमिटीने बेडशीट दिली. तेच आजोबा उठले, "यात लाडू कसे ठेवायचे?"

टाईमपास_टॉवर

बरंय. आमच्याकडे कॅसरोल होता. वाचतोय.

स्पॉट_मिळेल_का

ताई मी भांडुपचा, हिंदीत करतो, आयटीतली नोकरी सोडून करतोय, त्यामुळे जरा मोठा प्रतिसाद लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओपन माईक म्हणजे ग्रुपवर फॉर्म येतो, तो भरायचा, नशीब असेल तर स्पॉट मिळतो, चार-पाच मिनिटं. शेवटचं मिनिट उरलं की मागून मोबाईलचा लाईट दाखवतात. काही ठिकाणी उलट आपल्याकडूनच पैसे घेतात, काही ठिकाणी दोन मित्रांना तिकीट काढून आणा मग उभे राहा. समोर बसलेले निम्मे लोक म्हणजे बाकीचे कॉमिक, ते हसत नाहीत, स्वतःचा सेट (म्हणजे स्टेजवर बोलायचे जोक) मनात घोकत असतात. पण तरी माईक करावेच लागतात, कारण जोक घरात लिहून होत नाही. खार, अंधेरी, वर्सोवा ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर. साडेसातला खारला पडलेला जोक मी नऊला अंधेरीत शब्द उलटसुलट करून टाकतो आणि साडेदहाला तो बसतो. एकाच रात्री तीनदा लिहून झाला. सकाळी नऊला कार्ड पंच करायचं असेल तर हे किती दिवस करणार तुम्ही?

आणि हे क्षेत्र आता लहान राहिलं नाही. २०१० मध्ये लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये लंडनचा कॉमेडी स्टोअर हा क्लब आला (त्याचाच पुढे कॅनव्हास लाफ क्लब झाला), तेव्हा बहुतेक सगळं इंग्रजीत चालायचं. झाकीर खान २०१२ मध्ये कॉमेडी सेंट्रलची स्पर्धा जिंकला, २०१७ ला अॅमेझॉनवर त्याचा स्पेशल (रेकॉर्ड केलेला सोलो) आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने हिंदीत शो केला. वीर दासला २०२३ मध्ये इंटरनॅशनल एमी हे टीव्हीचं बक्षीस मिळालं. म्हणजे छत खूप वर आहे, फक्त जिना नाहीये :)

पैशाचं सरळ सांगतो. माईक शून्य. लाईनअप शोचा स्पॉट म्हणजे रिक्षाभाडं आणि एक कॉफी. सोलो असेल तर जागेवाल्याबरोबर तिकिटाचा वाटा. खरं घरभाडं निघतं कॉर्पोरेट शोवर, कुठल्यातरी कंपनीच्या वार्षिक पार्टीत, लोक पनीर टिक्का खात असताना. मी ओशिवऱ्यात तिघांबरोबर राहतो. पावसाळ्यात कामं कमी होतात तेव्हा आईला फोन करून "तू जेवलास का" असं ती विचारेपर्यंत बोलत राहतो.

तरी माझं मत, सोडा. स्टेज टाईमला पर्याय नाही.

सेमीफास्ट

भावा, मनापासून लिहिलंस, आणि जोक घरात लिहून होत नाही हे तर शंभर टक्के. पण तुझं गणित हिंदीचं आहे. तू नोकरी सोडलीस तर तुला रात्री तीन माईक मिळाले. मी सोडली तर मला काय मिळणार? मराठी माईक रोज कुठे असतात? मुंबईत आठवड्याला जे काही होतात ते एकमेकांवर आदळणार नाहीत एवढेच असतात, आणि ते सगळे संध्याकाळी सातनंतर, म्हणजे मी तशीही ऑफिसमधून सुटलेलीच असते. सोडून मला सकाळ मोकळी मिळेल, सकाळी कोण हसायला येतं? लाफ्टर क्लबवाले, ते तर जोक नसतानाच हसतात.

हिंदी मिक्स करून बघितलंय. पण "भेटवस्तू" म्हटल्यावर जो हशा येतो तो "गिफ्ट" म्हटल्यावर येत नाही, आणि अंधेरीतल्या पोरांना पतपेढी म्हणजे काय हे समजवण्यातच माझी दोन मिनिटं जातात, पाचपैकी.

ऑर्केस्ट्रा_८८

ताई, तुमचा धागा वाचून आमचे दिवस आठवले म्हणून लिहितो, टायपिंगला वेळ लागतो, समजून घ्या.

मी गोदीत कामाला होतो आणि रात्री ऑर्केस्ट्रात मिमिक्री करायचो. तेव्हा स्टँडअप वगैरे शब्द नव्हता, आमचं काम म्हणजे गायिका साडी बदलून येईपर्यंत आणि ढोलकीवाल्याचा चहा होईपर्यंत लोकांना खुर्चीवर धरून ठेवणे. लालबाग, परळ, गिरगाव, घाटकोपर, गणपतीचे दहा दिवस आणि मग नवरात्र. दहाला स्पीकर बंद करायचा नियम तेव्हा एवढा कडक नव्हता, रात्री एकला माझा नंबर यायचा, पुढच्या रांगेत पोरं झोपलेली, मागच्या रांगेत प्यायलेली. त्यांना हसवलं की बाकी कुठेही हसवता येतं. शम्मी कपूर, राजकुमार, ट्रेन सुटण्याचा आवाज, कुत्र्यांची भांडणं, सगळं करायचो. आमच्या सगळ्यांचा देव एकच, जॉनी लिव्हर. धारावीत वाढलेला पोरगा, हिंदुस्थान लिव्हरमध्ये कामगार, तिथेच साहेबलोकांच्या नकला केल्या म्हणून नाव पडलं जॉनी लिव्हर. मग कल्याणजी आनंदजींबरोबर शो करायला लागला. पण लक्षात घ्या, त्याने नोकरी सोडून शो शोधले नाहीत, शो एवढे वाढले की नोकरीवर जाणं जमेना, मग सोडली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट, कॅसेट. त्या काळात हसवणाऱ्यांच्या कॅसेट निघायच्या. माझी पण एक निघाली होती, छोटीशी, आमच्या भागात चालली. सुरुवातीला अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या गणपतीत उभा राहिलो तर मी तोंड उघडायच्या आत पोरं पुढची लाईन ओरडायला लागली. हशा आला पण तो माझा नव्हता, त्यांचाच होता. त्या एका कॅसेटने माझं सगळं मटेरियल संपवलं आणि नवीन बनवायला तेवढा वेळ नव्हता. तुमचं रील काय वेगळं आहे?

आणि २००५ ला टीव्हीवर तो ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज आला, आपल्या विदर्भातला सुनील पाल जिंकला, राजू श्रीवास्तव घराघरात पोहोचला, त्यांचं भलं झालं. आमचं उलटं झालं. मंडळवाले म्हणायला लागले "टीव्हीवाला कोणी आहे का". गायिकेच्या साडीच्या वेळात आता एलईडी लावतात.

गच्ची

काका तुमचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका प्लीज.

सडेतोड_नाना

कॉमेडी म्हणजे पुलंची. आताच्या पोरांना शिव्या दिल्याशिवाय वाक्य पूर्ण करता येत नाही. घरच्यांबरोबर बसून बघता येईल असं एक तरी दाखवा.

स्पॉट_मिळेल_का

नाना टीव्हीवरची हास्यजत्रा बघा. आणि तमाशातली बतावणी ऐकलीत का कधी? मराठी माणसाला द्व्यर्थी विनोद आम्ही नाही शिकवला.

सडेतोड_नाना

बतावणीत कला होती.

टाईमपास_टॉवर

नाना पेटले. पॉपकॉर्न आणतो.

पडद्यामागे

मी व्यावसायिक नाटकांचं व्यवस्थापन करतो, बोर्डावर नाव नसतं, पण तारखा, गाडी, जेवण, हिशोब सगळं आमच्याकडे. पुलंचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याच रस्त्याने जातो, नानांच्या बाजूने नाही.

आपल्याकडे एकट्याने उभं राहून दोन-दोन तास हसवणारी माणसं स्टँडअप यायच्या कितीतरी आधीपासून आहेत. पुलंचे एकपात्री, मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकरांचं गावोगावचं कथाकथन, लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला', ज्यात एकटा माणूस ५२ पात्रं उभी करायचा. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती म्हणजे यांच्यातल्या बहुतेकांना नोकरी होती. माडगूळकर पुणे आकाशवाणीत, मिरासदार प्राध्यापक, लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. दादा कोंडके अपना बाजारात नोकरी करत सेवा दलाच्या कलापथकात कामं करायचे. म्हणजे "नोकरीवाला म्हणजे हौशी" हे तुमच्या आयोजकाचं म्हणणं मराठी रंगमंचाला तरी लागू होत नाही. त्यात त्यांचा दोष नाही, ते हिंदीचा हिशोब बघून बोलतायत.

पण त्या लोकांकडे जे होतं ते तुमच्याकडे नाही. गावोगावच्या व्याख्यानमाला होत्या, वाचनालयं होती, गणेशोत्सवात मंडळं साहित्यिकाला बोलवायची, एसटीने जायचं, मानधन आणि शाल-श्रीफळ घेऊन यायचं, आणि तीच गोष्ट शंभर गावांत सांगायची कारण या गावातलं त्या गावात कोणी ऐकलेलं नसायचं. एक कथा घासून घासून गुळगुळीत व्हायची. ऑर्केस्ट्रा काका म्हणतात ती कॅसेट आणि आताचं रील हा तो फरक आहे.

आता धंद्याचं. मोठ्या थिएटरच्या शनिवार-रविवारच्या तारखा नाटकांनाच पुरत नाहीत, तुम्हाला मिळाली तर मंगळवार सकाळ मिळेल. त्यामुळे छोटे हॉल धरा. शंभर-दीडशे खुर्च्या. आयोजकाला एकच विचारा, खर्च आधी वजा करून उरलेल्याचा वाटा की विक्रीच्या रकमेवर वाटा? हे न विचारता सही केली की नाशिकचा शो हाऊसफुल होऊन तुम्ही घरचे पैसे घालून परत येता, असं होताना पाहिलंय. दुसरं, तासाभराचा प्रयोग म्हणजे बारा वेळा पाच मिनिटं नव्हे. पस्तिसाव्या मिनिटाला प्रेक्षक दमतो, हसून दमतो, तिथे त्याला काहीतरी ऐकायला द्यावं लागतं. तुमच्याकडे ते आहे का ते बघा. वार्षिक सभेच्या आजोबांच्या घरी वसुलीला गेलात कधी?

सेमीफास्ट

हे शेवटचं वाक्य वाचून मी पाच मिनिटं गप्प बसले होते. गेलेय. आजोबांच्या नाही, दुसऱ्या एका सभासदाकडे. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, कर्ज सोडून सगळ्या विषयांवर बोलले, निघताना मलाच शंभर रुपये उसने मागितले. आत्तापर्यंत ते हसवायला वापरलंय, पण त्यात आणखी काहीतरी आहे आणि मी ते चार मिनिटांत उरकून टाकते. तिथे थांबून बघायला पाहिजे.

ताळेबंद

सीए आहे. कोरडं लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

सोलो असो वा कॉर्पोरेट, पैसे देणारी कंपनी असेल तर साधारण १० टक्के टीडीएस कापून देते, तो विवरणपत्र भरल्यावर हिशोबात येतो, म्हणजे हातात येणारी रक्कम आणि ठरलेली रक्कम वेगळी असते, हे नवीन लोक विसरतात. वर्षाची एकूण मिळकत २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, दर १८ टक्के. तुमच्या बाबतीत तो सुखाचा प्रॉब्लेम, झाला तर फोन करा. मोठ्या कंपन्या शो झाल्यावर साठ-नव्वद दिवसांनी पैसे देतात, तेवढे दिवस कशावर जगणार ते लिहून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरकर्ज घ्यायचं डोक्यात असेल तर पगाराची स्लिप हातात आहे तोवर घ्या. नंतर बँकेत बसून मी विनोद सांगते असं सांगावं लागेल आणि तिथे कोणी हसत नाही. पतपेढीत असल्याने हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गच्ची

मी दोनेक वर्षं केलं स्टँडअप, आता लेखन करते, तर बायकांच्या बाजूचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लाईनअपमध्ये एक बाई असली की आयोजक म्हणतो "एक आहे ऑलरेडी". पाच दाढीवाले एकामागून एक आपल्या ब्रेकअपवर बोलतात तेव्हा रिपीट होत नाही आणि दोन बायका आल्या की रिपीट होतं. होस्ट हमखास म्हणणार "आता एक लेडी कॉमिक, जोरात टाळ्या", म्हणजे लोकांना आधीच सहानुभूती दाखवायला सांगायचं. सेमीफास्ट, तू स्वतः होस्टिंग करायला लाग. होस्टला वेळ जास्त मिळतो, मधेमधे पाच-सहा वेळा स्टेजवर जाता येतं, लाईनअप ठरवायचा अधिकार येतो आणि मराठी माईक कमी आहेत ही तुझी तक्रार त्यावर पण तोच उपाय, डोंबिवलीतच एक सुरू कर ना. ठाण्याच्या पलीकडे मराठी माणसं राहतात हे खारच्या लोकांना कोण सांगणार.

आणि शेवटच्या गाडीचं. खारहून दादर, दादरला ब्रिज चढून सेंट्रल, मग डोंबिवली. लेडीज डब्यात रात्री पोलीस असतो ते ठीक, पण मला स्पॉट नेहमी शेवटून दुसरा मिळायचा आणि अर्धं लक्ष घड्याळात. जोक पडला तर वाईट वाटायलाही वेळ नाही, पळा. तू लवकरचा स्पॉट मागत जा, भीड नको.

सेमीफास्ट

डोंबिवलीत माईक!! हे माझ्या डोक्यात का नाही आलं. जागा बघतेय, एका वाचनालयाचा वरचा हॉल आहे, तिथे संध्याकाळी योगा असतो.

बाय द वे दादरच्या ब्रिजवर मी सेटमधला निम्मा भाग लिहिलाय, गर्दीत मोबाईलवर नाही, मनातल्या मनात, कारण तिथे थांबायची सोय नाही.

रील_ते_रिअल

मी यातून बाहेर पडलोय, त्यामुळे माझं थोडं कडू वाटेल.

माझं एक रील चाललं. नवीन सोसायटीत पार्किंगवरून होणारी भांडणं, दीड मिनिट. लाखांत गेलं. मी नोकरी सोडली. पुढे सहा महिने जिथे जाईन तिथे लोक तेच मागायचे, ते केलं की म्हणायचे हे बघितलंय, नाही केलं की म्हणायचे ते का नाही केलं. ऑर्केस्ट्रा काकांचा कॅसेटचा किस्सा वाचून मी घरात एकटाच हसलो. फरक एवढाच की त्यांची कॅसेट विकत घ्यावी लागायची.

पैशाचं म्हणाल तर यूट्यूबवर १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास (किंवा शॉर्ट्सवर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज) बघितलं गेल्याशिवाय मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातींचा पैसाच सुरू होत नाही. झाल्यावर मोठ्या व्हिडिओवर ५५ टक्के आपले, शॉर्ट्सवर ४५, आणि मराठी व्हिडिओला जाहिरातीचा दरच कमी मिळतो असा माझा अनुभव. म्हणून सगळे क्राउडवर्कच्या क्लिप टाकतात, पहिल्या रांगेतल्या माणसाला "काय करता" विचारायचं, त्यात लिहिलेलं मटेरियल खर्च होत नाही. हुशारी आहे त्यात. पण मग लोक शोला येतात ते आपल्याला पण विचारतील म्हणून, आणि तुम्ही लिहिलेला तासभर ते सहन करतात.

माझा सल्ला, सोलोमधलं काहीही टाकू नका. जे टाकायचंय ते वेगळं लिहा. मी परत नोकरी धरलीय, दु:खी नाहीये, शनिवारी करतो.

स्पॉट_मिळेल_का

भाई तू तो पार्किंगवाला?? "ही जागा माझ्या नावावर नाही पण माझ्या मनात आहे"??

रील_ते_रिअल

हो. बघा. हेच.

कायदेशीर_सल्ला_नव्हे

एक मुद्दा राहिला. मुंबईत कॉमेडी करताना जोकबरोबर जागेचाही विचार करावा लागतो. खारच्या हॅबिटॅट या कॉमेडी शोच्या जागेत जुलै २०२० मध्ये आणि परत मार्च २०२५ मध्ये तोडफोड झाली, दोन्ही वेळा व्हिडिओतल्या जोकवरून. मुनव्वर फारुकीला जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला अटक झाली, सुप्रीम कोर्टाचा जामीन फेब्रुवारीत मिळाला, महिन्याभरापेक्षा जास्त आत होता. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं कलम २९५अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मी कोणाची बाजू घेत नाहीये. एवढंच म्हणतोय की पूर्णवेळ झालात की तुमचं पोट ज्या हॉलवर आहे तो हॉलवाला तुमच्या आधी घाबरतो आणि तारीख रद्द करतो.

सेमीफास्ट

माझ्या सेटमध्ये देव, नेते, महाराज कोणी नाहीत. थकबाकीदार आहेत. त्यांच्या भावना आधीच दुखावलेल्या असतात.

टाईमपास_टॉवर

हा वरच्या झाकणापेक्षा चांगला होता.

सेमीफास्ट (पुढचा बुधवार)

सगळ्यांचे आभार, प्रतिसाद दोन-दोनदा वाचले, नवऱ्याला पण वाचून दाखवले, तो "तूच ठरव" वर ठाम आहे.

आयोजकाशी बोलले. पडद्यामागे यांनी सांगितलेला प्रश्न विचारला, खर्च वजा जाता की विक्रीवर, तर पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन कट झाला. शेवटी ठरलं ते असं, नोकरी सोडत नाही, फक्त शनिवार-रविवार, आधी नाशिक, एक छोटा हॉल, विक्रीवर वाटा, आणि शोची रेकॉर्डिंग मला विचारल्याशिवाय कुठेही टाकायची नाही. ते थोडे नाराज आहेत पण नाही म्हणाले नाहीत.

खरी अडचण वेगळीच निघाली आणि ती तुम्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. मराठी कॉमिकला चांगले पैसे मिळतात ते कधी? २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, ८ मार्च महिला दिन. बँका, कंपन्या, सरकारी ऑफिसं, सगळे एकदम मराठी होतात, आणि कार्यक्रम भरदुपारी असतात, लंच टाईमला. आणि पतपेढीत फेब्रुवारी-मार्च म्हणजे वसुली आणि मार्च एंडिंग, सुट्टी मागितली तर साहेब असे बघतात जसं काही किडनी मागितली. म्हणजे संध्याकाळचं स्टँडअप नोकरीच्या आड येतच नाही, वर्षातले ते दोन-तीन आठवडे येतात. तर मॅनेजर साहेबांशी बोलले की ऑक्टोबर ते जानेवारी एकही रजा घेत नाही, शिल्लक सगळी तेव्हा द्या. त्यांनी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणाले हरकत नाही पण वार्षिक सभेत एक कार्यक्रम करायचा. फुकट.

ऑर्केस्ट्रा_८८

करा. पण भेटवस्तू वाटायच्या आधी उभ्या राहा. नंतर हॉल रिकामा होतो, हा अनुभव आहे.

गच्ची

आणि ज्यांच्यावर जोक आहेत ते सगळे समोर! मी तिकीट काढून येईन.

पडद्यामागे

नाशिकला चार वाजेपर्यंत पोहोचा आणि साऊंड स्वतः तपासा, छोट्या हॉलमध्ये स्पीकर प्रेक्षकांच्या डोक्यामागे लावलेले असतात, हशा तुम्हाला ऐकूच येत नाही आणि तुम्ही उगाच घाई करता. वायरचा माईक मागा. आणि वसुलीचा तो प्रसंग पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास ठेवून बघा, लगेच जोक मारू नका त्याच्यावर.

मुलुंड_पूर्व

सेमीफास्ट ताई, थोडं अवांतर. आमच्या सोसायटीत गणपतीत एक दिवस मोकळा आहे. बजेट फार नाही पण साडेतीनशे फ्लॅट आहेत, खूप एक्स्पोजर मिळेल.

सेमीफास्ट

दादा एक्स्पोजर मला डोंबिवली लोकलच्या दारात रोज मिळतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रक्कम बोलू, परवडेल अशीच सांगेन. अटी इथेच लिहिते म्हणजे बाकीच्यांना पण उपयोग होईल. अर्धे पैसे आधी. जेवण चालू असताना नाही. लहान मुलांच्या फॅन्सी ड्रेसनंतर लगेच नाही, कारण आयाबाया निकालावरून चिडलेल्या असतात. साडेआठला सुरू, दहाला स्पीकर बंद करावा लागतो म्हणून आरती आधी उरकून घ्या. खुर्च्या स्टेजला चिकटून, पहिली रांग पाहुण्यांसाठी राखीव म्हणून रिकामी ठेवायची नाही. आणि कमिटीतल्या दोन-तीन जणांची माहिती आधी पाठवा, त्यांच्यावर पाच मिनिटं करते, ते सगळ्यात जास्त चालतं.

मुलुंड_पूर्व

कमिटीला विचारून सांगतो. सेक्रेटरींवर चालेल, त्यांना आवडतं. खजिनदारांवर नको, हिशोब अजून लागलेला नाहीये.